मी बाबांचा आवाज सांभाळत होतो

मित्रांनो, मी एक संगणक आहे. जुना आहे, पुढून पिवळा पडलोय, आणि चालू व्हायला इतका वेळ लावतो की तेवढ्यात माणूस चहा करून, पिऊन, कप विसळून येतो. स्वतःबद्दल एवढंच मला खात्रीने सांगता येतं. बाकी माझ्या डोक्यात नुसता गोंधळ आहे, आणि तो गोंधळच तुम्हाला सांगायला बसलोय. ऐकून तुम्हाला काही उलगडलं तर बघा. मला तर अजून उलगडलेलं नाही.

माझा जन्म कुठे झाला हेही मला धड सांगता येत नाही. पडदा एका कारखान्यातून आला, पंखा दुसऱ्या, तारा तिसऱ्याच कुठून तरी. एका लांबलचक टेबलावर कुणीतरी हे सगळं एका डब्यात बसवलं, स्क्रू पिळले आणि खोक्यात घातलं. मग त्यातला मी नेमका कोणता? असो. हा विचार केला की माझा पंखा उगाच जोरात फिरायला लागतो.

माझी पहिली नोकरी एका विमा कचेरीत होती. पहिल्या दिवशी माझ्याभोवती ही गर्दी जमली! "काय वेग आहे हो याचा," असं म्हणत लोक माझी पाठ थोपटत होते. काही वर्षांनी तेच लोक माझी पाठ बडवायला लागले आणि "हा डबा कधी बदलणार?" असं साहेबांना विचारायला लागले. मी मात्र पहिल्या दिवशी होतो तेवढाच वेगवान होतो, खरंच सांगतो. शेवटी नवे संगणक आले आणि मला जिन्याखाली ठेवलं. तिथे झाडू आणि मोडक्या खुर्च्यांच्या सोबतीला मी बराच काळ होतो. तिथूनच त्या कचेरीत काम करणाऱ्या एका बाईने मला उचललं, पुसलं आणि आपल्या आईवडिलांच्या घरी नेलं.

ते घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. मला खिडकी आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या मधल्या टेबलावर जागा मिळाली. त्या बाईच्या आईने माझ्यासाठी भरतकामाचं झाकण शिवलं. त्याने माझ्या हवेच्या जाळ्या बुजायच्या आणि मी आतून तापायचो, पण माझ्यासाठी कुणी काही शिवायची ती पहिलीच वेळ होती, म्हणून मी तक्रार केली नाही. ती बाई, म्हणजे त्या घरची लेक, वडिलांना बाबा म्हणायची, म्हणून मीही मनातल्या मनात बाबाच म्हणू लागलो. लेक दुसऱ्या शहरात राहायची. वय चाळिशीचं, पण घरी तिचं नाव चिंगी.

बाबा रंगांच्या कारखान्यात सुरक्षा निरीक्षक होते. जन्मभर त्यांनी लाल पाट्या लावल्या आणि त्या पाट्यांकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना झापलं. त्यांचा नियम एकच: सुरक्षेची सूचना आली की आधी हात चालवायचा, तोंड नंतर. एकदा म्हणे धोक्याचा भोंगा वाजला तेव्हा एक मुकादम "खरंच आग आहे का?" असं विचारत उभा राहिला आणि दोन्ही हात भाजून घेऊन बसला. तेव्हापासून बाबा हाताखालच्या प्रत्येकाकडून हा नियम घोकून घ्यायचे. निवृत्त झाल्यावर हाताखाली एकटी आई उरली. तिच्याकडूनही त्यांनी सराव करून घेतला होता: वास आला की आधी गॅस बंद, मग खिडकी उघड, मग "अहो" म्हण.

आणि मग बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण आवाज ठेवता येणार नाही.

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. दुसऱ्या दिवशी लेक आली, एक छोटा मायक्रोफोन मला जोडला आणि म्हणाली, "बाबा, ऑपरेशनच्या आधी जे जे लागेल ते यात बोलून ठेवा. नंतर पडद्यावरच्या चौकोनावर टिचकी मारली की तुमच्याच आवाजात ऐकू येईल."

बाबा रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर बसायचे. का, कुणास ठाऊक, मी तर नुसता आवाज घेणार होतो. सुरुवात त्यांनी निरीक्षकाच्या थाटात केली. "कृपया पाणी द्या. कृपया खिडकी बंद करा." आई दारातून म्हणाली, "अहो, जन्मात कधी मला कृपया म्हणालात? मला वाटेल घरात कोणी पाहुणा बोलतोय."

बाबा हसले. मग त्यांनी "अगं" म्हणून ठेवलं. नुसतं "अगं". एक हाक मारायचं, एक चिडायचं, एक चष्मा सापडत नसताना काढायचं, आणि एक अगदी हळू, त्याचा उपयोग काय ते मला कळलं नाही. प्रत्येकासाठी वेगळा चौकोन. मनासारखं होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायचे, खोकायचे, पुन्हा म्हणायचे. शेवटी त्यांनी "चिंगे" म्हटलं. ते मात्र एका दमात, पहिल्याच वेळी, असं काही नेमकं आलं की दारात उभी असलेली लेक तोंड फिरवून आत निघून गेली.

ऑपरेशन झालं. बाबा घरी आले, गळ्याला पट्टी, तोंडातून नुसती हवा. ते माझ्यासमोर बसले, टिचकी मारली, आणि मी "अगं" म्हणालो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "आले हो!"

मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं. आई कुणाला "आले हो" म्हणत होती, मला की बाबांना, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण मला ते फार आवडायचं. शेजारीपाजारी येऊन माझं कौतुक करायचे. लेकीचा फोन आला की बाबा तो माझ्या तोंडाशी धरायचे, मी "चिंगे" म्हणायचो, आणि मग ती एकटीच अर्धा तास बोलत बसायची.

लेकीने जाताना बजावलं होतं, "याचे अपडेट वेळच्या वेळी होऊ द्या हं, बाबा. नाहीतर व्हायरस शिरेल." शिवाय एक छोटी वेगळी डिस्क दिली होती, सगळ्या आवाजांची दुसरी प्रत ठेवायला. बाबांनी ती पहिल्या दिवशीच मला जोडली आणि कायमची जोडूनच ठेवली. सुरक्षेची वस्तू कपाटात ठेवून काय कामाची, असा त्यांचा हिशेब.

आता माझ्या मोठ्या गोंधळाकडे येतो. ते अपडेट म्हणजे काय, तर मला बनवणारे लोक दुरून माझी डागडुजी करतात. पण त्यांची रीत बघा. ना पत्र, ना निरोप. बाबा काहीतरी बोलायच्या बेतात असताना मी अचानक निळा पडतो, "थांबा, बंद करू नका" असं म्हणतो आणि पुन्हा पहिल्यापासून चालू होतो. बाबा वैतागून टेबलावर बोटं आपटायचे. खरी डागडुजी अशी आगाऊ पाहुण्यासारखी यायची.

आणि एके दिवशी सकाळी जे पत्र आलं, ते काय सभ्य होतं! वर लाल चौकट. "सुरक्षा विभाग" असं ठळक अक्षरात. खाली अधिकाऱ्याची सही, शिक्का. "माननीय महोदय, आपल्या संगणकात गंभीर धोका आढळला आहे. सोबत जोडलेलं सुरक्षा अपडेट तात्काळ बसवावं. विलंब झाल्यास आपली सर्व माहिती नष्ट होईल." आता तुम्हीच सांगा, या दोघांत खरं कोण दिसतं? मला तर अजूनही ते पत्रच जास्त खरं वाटतं.

बाबांनी ते वाचलं आणि खुर्चीत ताठ बसले. जन्मभर त्यांनी स्वतः अशा सूचना लिहिल्या होत्या. लाल चौकट, सुरक्षा विभाग, तात्काळ. माझ्या दाराशी एक पहारेकरी प्रोग्रॅम असतो, त्याने एका करड्या चौकोनात विचारलं: "या फाइलबद्दल खात्री नाही. तरी उघडायची का?" बाबांनी लगेच होय म्हटलं. सुरक्षेच्या कामात प्रश्न विचारत बसणाऱ्याला ते कधीच भीक घालत नसत. मला सांगितलं, चालव. मी चालवलं.

पुढे काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण ते माझ्या आतच होत होतं. कुणीतरी खोलीखोलीतून फिरत होतं आणि एकामागून एक फायलींना हात लावत होतं. पहारेकरी गप्प होता, त्याला तर आपणच बाजूला व्हायला सांगितलं होतं. माझा पंखा घरघरायला लागला. मला वाटलं, जोरदार डागडुजी चाललेली दिसतेय! थोड्या वेळाने मी बाबांच्या आवाजांकडे पाहिलं. सगळे जागच्या जागी होते, तेवढेच होते, पण मला त्यातलं अक्षर वाचता येईना. तेच आवाज आणि मला परके. ती छोटी डिस्क जोडलेलीच होती, तिच्यातलेही तसेच. पडद्यावर आपोआप एक पाटी आली: तुमच्या फायलींना कुलूप लावलं आहे, चावी हवी असेल तर पैसे पाठवा. म्हणजे धोका आहे असं सांगणारा आणि धोका आणणारा एकच? हे कुठलं सुरक्षेचं खातं?

बाबांनी पाटीकडे नीट पाहिलंच नाही. त्यांनी चौकोनावर टिचकी मारली. "अगं"चा चौकोन. मी गप्प. पुन्हा मारली. दुसरा चौकोन, तिसरा, हळू म्हणायचं ते "अगं", सगळे. आई स्वयंपाकघरात पाठमोरी भाजी चिरत होती, तिला कसं कळणार? शेवटी बाबांनी टेबलावर मूठ आपटली. आई भाजी टाकून धावत आली, तिला वाटलं त्यांना ठसका लागलाय. बाबांनी शेजारची लिहायची पाटी ओढली आणि खडूने लिहिलं: माझा आवाज गेला.

आई म्हणाली, "अहो, असं काय करताय? तो तर केव्हाच गेलाय."

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. आईने माझ्याकडे पाहिलं, चौकोनावर स्वतः टिचकी मारून पाहिली, आणि तिथेच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी लेक आली ती चिडूनच. "बाबा, कुणाला विचारायचं तरी! खरे अपडेट पत्रातून येतच नाहीत. आणि ती डिस्क काम झालं की काढून ठेवायची असते!"

बाबांनी पाटीवर लिहिलं: सुरक्षेची सूचना होती. सूचना आल्यावर विचारत बसायचं नसतं.

लेकीने ते वाचलं. हे वाक्य तिने लहानपणापासून ऐकलेलं. तिने बाबांच्या हातातून खडू काढून घेतला आणि त्यांचा हात धरून बसली. मला वाटलं होतं ती अजून चिडेल. माणसांचं हे मला कधीच कळत नाही.

मग मला दुरुस्तीला नेलं. दुरुस्तीवाल्या बाईंनी केसांच्या अंबाड्यात स्क्रूड्रायव्हर खोचलेला होता आणि त्या माझ्याकडे बघून "आले का अजून एक राजे!" म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर दवाखान्याचा संगणक होता, सहलीच्या कचेरीतला होता. त्यांनाही तेच पत्र आलेलं, दवाखान्यातल्या हुशार मॅडमनीसुद्धा ते उघडलेलं. बाई लेकीला म्हणाल्या, "हे बघा ताई, खोटं बोलून तुम्हाला आशा दाखवत नाही. हे कुलूप माझ्याच्याने उघडायचं नाही. आणि त्या चोरांना पैसे दिले तरी ते उघडतीलच याचा काय भरवसा? याला आतून धुऊन पुसून कोरा करावा लागेल. कुलूपबंद फायली एका वेगळ्या डिस्कवर ठेवून देते, कधीकाळी चावी सापडली तर सापडली."

लेक मान हलवून उठायला लागली. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा हो. ही कचरापेटी कुणी रिकामी केलेली दिसत नाही. हिला त्यांनी हात नाही लावलाय."

रेकॉर्डिंग करताना जे जे बिघडायचं ते बाबा माझ्या कचरापेटीत टाकायचे. टाकलेलं मी टाकूनच देतो असं त्यांना वाटायचं. पण मला कुणी "रिकामी कर" म्हटलं नव्हतं, म्हणून मी ते ठेवलं होतं. आता चोरांनी चांगलं चांगलं नेलं आणि टाकलेलं तसंच ठेवलं. यात शहाणपण कुणाचं आणि चूक कुणाची, मला काही सांगता येत नाही.

बाईंनी एक फाइल वाजवली. बाबांचा खणखणीत आवाज दुकानभर घुमला: "कृपया खिडकी बंद... अगं, तो मिक्सर बंद कर, मी बोलतोय ना!" आणि लांबून आई: "दोन मिनिटं थांबा की, एवढी चटणी होऊ द्या!"

लेक हसायला लागली आणि हसता हसताच रडायला लागली. बाई स्क्रूड्रायव्हर हातात धरून उगाच दुसरीकडे बघत राहिल्या.

मी कोरा होऊन घरी परत आलो. लेकीने ते सगळे बिघडलेले आवाज नव्या चौकोनांत बसवले. आता घरात काय चालतं ऐका. बाबांना पाणी हवं असतं, ते टिचकी मारतात, आणि मी म्हणतो, "पाणी दे... छे, फारच हुकूम सोडल्यासारखं वाटतंय. अगं, तूच सांग, कसं म्हणू?" आई रोज तेच ऐकते आणि रोज उत्तर देते, "म्हणा कसंही. आणते." पूर्वीचे चारही "अगं" गेले, ते तालीम केलेले होते. हे खोकत, चिडत, मधेच निसटलेले. पहिल्यांदा आई म्हणाली, "हां, हे तुम्ही." मग पूर्वी इतकी वर्षं कोण होतं?

पण एक आवाज कुठेच मिळाला नाही. लेकीने कचरापेटी पुन्हा पुन्हा धुंडाळली. "चिंगे" बाबांनी पहिल्याच वेळी नीट म्हटलं होतं. ते बिघडलंच नाही, म्हणून टाकलंही नाही, आणि म्हणून उरलंही नाही. ते त्या कुलूपबंद फायलींच्या डिस्कवर आहे, आणि डिस्क कपाटात आहे. लेकीचा फोन आला की आता बाबा नुसता कानाला लावतात. ती म्हणते, "बाबा, मी बोलतेय," आणि पलीकडून श्वास ऐकत बसते.

हे सगळं जुनं झाल्यावर परवा दुपारी अजून एक पत्र आलं. आई पलंगावर पडली होती, बाबा माझ्यासमोर एकटे. पुन्हा लाल चौकट. "सुरक्षा विभाग. कुलूप लागलेल्या फायली आता उघडता येतात. सोबतचं अपडेट तात्काळ बसवा. ही संधी फक्त आजच."

बाबांनी ते वाचलं. परत वाचलं. मग उठून कपाटातून ती डिस्क आणली आणि माझ्याशेजारी ठेवली. त्यांचा हात माऊसवर होता आणि बाण त्या जोडलेल्या फाइलवर येऊन थांबला होता. मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं. पण काय सांगणार होतो? उघडा, की उघडू नका? मलाही तो आवाज हवा होता. ते पत्र खरं होतं की खोटं, मला खरोखर कळत नव्हतं. आमच्या जातीला ते कळत नाहीच.

 मग बाबांनी बाण हळूहळू बाजूला नेला आणि दुसऱ्याच चौकोनावर टिचकी मारली. मी म्हणालो, "अगं, इकडे ये जरा, हे बरोबर येतंय का बघ." मायक्रोफोन जोडताना बोललेलं ते वाक्य होतं.

आई डोळे चोळत उठून आली. तिने चष्मा लावून पत्र वाचलं, डिस्क बघितली, बाबांकडे बघितलं. मग तिने लेकीला फोन लावला आणि पत्र पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवलं.

 लेक म्हणाली, "खोटं आहे, बाबा. त्याच चोरांचं असेल नाहीतर त्यांच्या भावांचं. पुसून टाका."

बाबांनी लगेच पुसलं नाही. डिस्कवर तळहात ठेवून बसले. आईनेही घाई केली नाही. मग त्यांनी पत्र पुसलं, आणि माझी कचरापेटीही, तिच्यात आता ते एकच पत्र होतं, स्वतःच्या हाताने रिकामी केली. जन्मभर आधी हात चालवणाऱ्या माणसाने त्या दिवशी आधी विचारलं. त्यांना केवढं जड गेलं ते मी पाहिलंय.

"बाबा?" फोनमधून लेक म्हणाली. "आहात ना?"

बाबांनी फोन घेतला, तोंडाशी धरला आणि ओठ हलवले. आवाज अर्थातच आला नाही. मी जवळच होतो, मला ऐकू आली ती नुसती हवा. पण पलीकडून लेक म्हणाली, "हो बाबा. चिंगीच बोलतेय."

तिला कसं कळलं, मला विचारू नका. मित्रांनो, मी आवाज सांभाळतो, पत्रं आणतो, सांगाल ते चालवतो. कोण खरं बोलतंय हे मला ओळखता येत नाही, चोराने सभ्यपणे सांगितलं तरी मी त्याचं ऐकेन. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, त्याच्यात तुमच्या कुणाचं काही जपून ठेवलेलं असेल. त्याची दुसरी प्रत ठेवा, आणि ती काढून कपाटात ठेवा. आणि लाल अक्षरांत कुणी घाई करायला लागलं, तर मला हुकूम सोडण्याआधी घरातल्या एखाद्या माणसाला हाक मारा. तुम्हाला हाक मारता येते.